स्वस्त शाईपेनांच्या निबा : आठ महिने बदलून, जुळवून आणि लिहून पाहिल्यावर

भाषांतराचा पहिला खर्डा मी आजही हाताने लिहिते. रोज पाच-सहा फुलस्केप पाने होतात, आणि गेल्या जूनपासूनची सगळी पाने चार शाईपेनांनी लिहिली आहेत. त्यांतले एक लॅमी सफारी सोडले, तर बाकीची तिन्ही हजार रुपयांच्या आतली आहेत. या आठ महिन्यांत चार पेनांत मिळून सात निबा घालून पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक जुळवाव्या लागल्या आणि एक माझ्याच हातून कायमची बिघडली. इतक्या वापरानंतर माझे एक मत पक्के झाले आहे. स्वस्त पेन खरखरले की आपला हात आधी पॉलिश पेपरकडे जातो, आणि तिथेच चूक होते. कारण खरखरण्याचे मूळ बहुतेक वेळा निबच्या दोन पात्यांच्या पातळीत किंवा मधल्या चिरेत असते, आणि ते घासून जात नाही.

पहिला अनुभव एका चिनी बनावटीच्या धातूच्या पेनचा. वजनाला आणि दिसायला उत्तम असलेले हे पेन पहिल्याच पानावर कागदाला टोचू लागले, पण सगळीकडे नाही. उभा दंड सुरेख येई, अक्षरांची वळणे बरी येत, आणि शब्द पूर्ण करून शिरोरेघ ओढायला गेले की बारीक खर्र आवाज होऊन कागदाचे तंतू निबमध्ये अडकत. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला आडवी रेघ अधूनमधूनच ओढावी लागते. आपल्याला ती प्रत्येक शब्दावर, डावीकडून उजवीकडे ओढायची असते, त्यामुळे हा दोष देवनागरीत लगेच उघडा पडतो. शिवाय दोष कोणत्या पात्यात आहे हेही शिरोरेघच सांगते. पेन उजवीकडे जाताना टोचत असेल, तर डावे पाते उजव्यापेक्षा खाली आलेले असते आणि त्याची आतली धार कागदात रुतते. डावीकडे जाताना टोचत असेल, तर उजवे पाते खाली असते. हे डावे-उजवे पेन लिहिण्यासाठी धरल्यावरचे आहे. भिंगातून पाहताना निबचे टोक आपल्याकडे वळवलेले असते, त्यामुळे बाजू उलटतात. हे ध्यानात न राहिल्याने मी पहिल्या दिवशी अर्धा तास चुकीचे पाते उचलत बसले होते.

घड्याळजी डोळ्याला लावतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग हे या कामातले सर्वांत उपयोगी साधन आहे. ते नसेल तर निबला हात न लावलेला बरा, असे मी म्हणेन. खिडकीशी बसून, निबचे टोक थेट डोळ्याकडे धरून पाहिले, तेव्हा एरवी एकसंध वाटणारा टोकावरचा गोल ठिपका दोन अर्धुकांचा दिसला, आणि त्यांतले एक अर्धुक दुसऱ्यापेक्षा केसाएवढे खाली होते. त्यावर उपाय नखाचा. खाली आलेल्या पात्याच्या टोकाखाली, जिभेच्या, म्हणजे निबला खालून शाई पुरवणाऱ्या भागाच्या, पुढे जेवढा भाग मोकळा असतो तिथे, अंगठ्याचे नख लावायचे, ते पाते शेजारच्या पात्याच्या किंचित वर नेऊन दोन-तीन सेकंद धरायचे आणि सोडून द्यायचे. पोलाद लवचीक असल्यामुळे ते जवळजवळ मूळ जागी परत येते आणि आपल्याला हवा तो सूक्ष्म फरक तेवढा उरतो. मग पुन्हा भिंग, पुन्हा एक शिरोरेघ. मला असे सहा वेळा करावे लागले, आणि सहाव्या वेळेला आवाज थांबला. एकाच जोरात पाते सरळ करू पाहणाऱ्याची निब वाकडी होते, म्हणून घाई करू नये.

दुसरा दोष चिरेचा. निबच्या मधल्या भोकापासून टोकापर्यंत जाणारी चीर टोकाकडे निमुळती होत गेली पाहिजे. शाई केशाकर्षणाने पुढे सरकते आणि अरुंद जागेकडे ओढली जाते. उजेडासमोर धरले असता भोकाजवळ प्रकाशाची बारीक रेघ दिसावी आणि टोकाशी पोहोचता पोहोचता ती नाहीशी व्हावी. भोकापासूनच प्रकाश दिसत नसेल, तर पाती एकमेकांवर दाबलेली आहेत आणि निब कोरडी चालणार. उलट टोकाशी चीर जास्त रुंद असेल, तर शाई मधेच थांबते आणि एका फटक्याच्या दोन समांतर रेघा उमटतात. माझ्याकडच्या भारतीय एबोनाइट पेनची निब पहिल्या प्रकारची होती. पितळेचा ०.०५ मिलिमीटर जाडीचा पत्रा भोकाकडून टोकाकडे चिरेतून तीन-चार वेळा, अजिबात जोर न लावता, सरकवला, तेव्हा कारखान्यातल्या पॉलिशची काळपट घाण निघाली आणि शाई चालू झाली. पोलादी ब्लेड मात्र या कामाला वापरू नये, ते चिरेच्या आतल्या बाजूला ओरखडे पाडते.

त्याच पेनने मला जिभेचे महत्त्व शिकवले. निबखालची जीभ, म्हणजेच फीड, निबला घट्ट चिकटून नसेल तर निब कितीही चांगली असली तरी ओळी दोन ओळी लिहून शाई तुटते. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून उष्णतेने कठीण केलेले रबर. ते गरम पाण्यात मऊ पडते आणि थंड होताना दिलेला आकार धरून ठेवते. मी निब आणि जीभ पेनमधून काढून, एकमेकांवर बसवून, उकळी काढून बाजूला ठेवलेल्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवली आणि मग फडक्यात धरून, पूर्ण गार होईपर्यंत अंगठ्याने दाबून ठेवली. दुसऱ्या खेपेला मधली फट बुजली. हे करताना पेनचा बाकीचा भाग पाण्यापासून लांब ठेवावा, कारण गरम पाण्याने एबोनाइटचा काळा रंग उतरून तपकिरी होतो. प्लास्टिकच्या जिभांवर हा प्रयोग मी केलेला नाही आणि करणारही नाही.

निब बदलावी कधी, हा प्रश्न मला वारंवार पडला. चिनी पेन सरळ केल्यावरही त्याची रेघ मला जाड पडत होती. मध्यम टोकाने ‘ष्ठ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांची पोकळी शाईने भरून जाते आणि आखीव कागदावर रफार वरच्या ओळीत घुसतो. मराठी लिहिण्यासाठी बारीक टोकच घ्यावे असा माझा स्पष्ट सल्ला आहे, आणि जपानी पेनांचे ‘फाइन’ युरोपीय ‘फाइन’पेक्षा आणखी बारीक असते हे निवडताना लक्षात ठेवावे. या पेनमध्ये सहा नंबरची, ३५ मिलिमीटर लांबीची निब बसते, जी जिनहाओ या चिनी कंपनीच्या एक्स ४५० आणि एक्स ७५० मध्येही बसते. कानपूरच्या कानराइटची त्याच मापाची बारीक निब मागवली. जुनी निब आणि जीभ रबरी हातमोजा घालून एकत्र चिमटीत धरली आणि न पिळता सरळ ओढली. नवी निब जिभेवर मध्यभागी बसवून दोन्ही मिळून पुन्हा आत दाबली. पाच मिनिटांचे काम, पण निब जिभेवर जराशी डावी-उजवीकडे गेली तरी शाईचा प्रवाह बिघडतो, म्हणून चीर जिभेच्या मधल्या खाचेवरच आली पाहिजे. नोव्हेंबरपासून हीच निब रोज चालते आहे आणि माझ्या चारही पेनांत तिची रेघ मला सर्वांत आवडते.

लॅमीचे काम सर्वांत सोपे. १९८० साली आलेल्या या सफारीची निब नुसती जिभेवर सरकवलेली असते. निबच्या पाठीवर चिकटपट्टी दाबून सरळ पुढे ओढली की ती हातात येते. मी सफारीत १.१ मिलिमीटर रुंद टोकाची चपटी निब हौसेने घातली. पेन पंचेचाळीस अंशांत वळवून धरले तर दंड आणि शिरोरेघ सारख्याच जाडीचे येतात, आणि जाड-बारीकपणा तिरक्या फटक्यांत दिसतो, तोही देवनागरीला नको त्या दिशेने; आपला बोरू रोमन लेखणीच्या उलट बाजूला तिरका कापतात, हे तेव्हा प्रत्यक्ष हाताला कळले. सरळ धरली तर दंड भरदार आणि शिरोरेघ नाजूक येते. पत्राच्या मायन्यासाठी आणि पाकिटावरच्या पत्त्यासाठी मला ते आवडते, पण खर्डा लिहायला बारीक निब पुन्हा आत गेली.

आता बिघडवलेल्या निबविषयी. ती जुळलेली होती, शाई नीट सोडत होती, फक्त मला ती काचेसारखी गुळगुळीत हवी होती. १२००० नंबरच्या मायक्रोमेश या अतिबारीक पॉलिश पेपरवर आठाच्या आकड्यात फिरवताना मी थांबायला हवे होते तिथे थांबले नाही. टोकावर वेल्डिंगने बसवलेला कठीण मिश्रधातूचा थेंब अगदी छोटा असतो. त्याच्या आतल्या कडा प्रमाणाबाहेर गोल झाल्या की चिरेतली शाई कागदाला टेकतच नाही. आता त्या निबने प्रत्येक शब्दाचा पहिला फटका कोरा जातो, नंतर शाई येते, आणि शिरोरेघ मात्र अगदी लोण्यासारखी ओढली जाते. घासलेले परत भरून येत नाही. ती निब मी जपून ठेवली आहे आणि नवीन निबवर पॉलिश पेपर ठेवण्याआधी दर वेळी तिच्याने एक ओळ लिहून पाहते.

शाई मी मुद्दाम एकच ठेवली, कॅमलची रॉयल ब्लू, नाहीतर फरक निबचा की शाईचा हे कळले नसते. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या या कंपनीची शाई माझ्या वडिलांच्याही दौतीत असे, आणि बारीक निबला ती मानवते. जुळवाजुळवीची परीक्षा मात्र पावसाळ्यात घेऊ नये. जुलैत कागद दमट असतो, शाई त्यावर फुटते आणि चांगली निबही जाड लिहिते. मी तेव्हा दोन निबांची चीर विनाकारण आवळली. दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर त्या दोन्ही कोरड्या पडल्या आणि चीर पुन्हा मोकळी करावी लागली.

चौथे पेन रात्रभर टोपण लावून ठेवले की सकाळी लिहीत नसे. त्याच्यात मी ओळीने दोन निबा बदलल्या, दोन्ही दुसऱ्या पेनात उत्तम चालल्या, आणि इथे सकाळी पुन्हा कोरड्या. मग टोपण ओठांना लावून फुंकून पाहिले, तर क्लिप बसवलेल्या जागेतून हवा सरळ बाहेर येत होती. मेणबत्तीच्या मेणाचे दोन थेंब आतून तिथे सोडले. गेल्या आठवड्यात गावी जाताना ते पेन टेबलावर राहून गेले. चौथ्या दिवशी परत येऊन टोपण काढले, आणि पहिला दंड पूर्ण उमटला.