कबड्डीचे बूट घ्यायचे तर लातूरचं हे दुकान

गंजगोलाईपासून चालत जाण्याच्या अंतरावरचं हे दुकान. दर्शनी भागात सगळ्या क्रिकेटच्या बॅटी टांगलेल्या, त्यामुळे कबड्डीवाले बाहेरूनच पुढे जातात. जाऊ नका, आत शिरा. मागच्या मांडणीवर मॅटचे बूट आहेत, आणि ते पायात घालून नीट बघेपर्यंत दुकानदार घाई करत नाहीत.

मी औसा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मुलींच्या कबड्डी संघाला शिकवते. आमची मुख्य चढाईपटू यंदा पदवी घेऊन बाहेर पडली. तिची जागा आता बी.ए. दुसऱ्या वर्षाची मुलगी घेतेय. आजवर ती बचावात, डाव्या कोपऱ्यात खेळली. गावच्या मातीत अनवाणी खेळून तयार झालेली पोर. मॅटवर मात्र ती रस्त्यावर पळायच्या जाड टाचेच्या बुटांत उतरायची. वळताना घोटा बाहेर कलायचा, आणि त्या धास्तीनं ती निदान रेषा, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते ती रेघ, ओलांडली की लगेच परत फिरायची. बोनसकडे, म्हणजे त्यापुढच्या रेषेपलीकडे पाय टेकवून मिळणाऱ्या जादा गुणाकडे, बघायचीच नाही.

दुकानदारांनी आधी नंबर विचारला नाही. "कोणत्या पायावर वळतेस, बाळ?" असं विचारलं. मग फरशीवर खडूनं रेघ ओढली आणि बोनस घेतल्यासारखं करून दाखव म्हणाले. बोनसला एक पाय रेषेपलीकडे टेकतो तेव्हा दुसरा हवेत असावा लागतो. म्हणजे अंगाचं सगळं वजन तेवढ्यापुरतं एकाच तळव्यावर, आणि त्याच तळव्यावरून मागं उसळायचं. पहिला जोड त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला, कारण टाचेत बोट जात होतं. दुसरा पातळ, सपाट, गम रबराच्या तळव्याचा. त्यात ती वळली आणि घोटा सरळ राहिला. किंमत १,१५० रुपये. "मातीवर हे घालू नको, रबर झिजेल. मॅटवर उतरायच्या आधी ओल्या फडक्यानं तळवा पुसायचा," हेही तिलाच समजावून सांगितलं, मला नाही. ते मला फार आवडलं.

पक्कं जीएसटी बिल जागेवर मिळालं. महाविद्यालयाच्या हिशेबाला ते लागतंच, आणि बऱ्याच ठिकाणी त्यासाठी खेटे घालावे लागतात.

आता उणं काय ते सांगते. मुलींच्या तीन-चार नंबरचे जोड तयार नसतात, मागवावे लागतात. कबड्डी काय फक्त पोरंच खेळतात का? भारतीय मुलींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊला चिनी तैपेईला २६-२५ असं हरवून आशियाई सुवर्ण आणलं. आमच्या तालुक्यात मुलींचे संघ आहेत, तेव्हा लहान नंबर दुकानात असायलाच हवेत. गुडघ्याचे पॅडही इथून घेऊ नका, इलॅस्टिक लवकर सैल पडतं.

संघाचं म्हणाल तर मला या मुलीकडून खूप आशा आहे. कोपऱ्यात खेळल्यामुळे समोरची कोपऱ्यातली मुलगी घोट्यावर कधी झडप घालणार, हे तिला आधीच कळतं. निव्वळ चढाई शिकलेल्या मुलीला हे उमगायला वर्षं जातात. नव्या बुटांत ती बोनसला जाऊ लागलीय, सरावात समोर सहा-सात जणी असताना. कच्चं आहे ते तिसऱ्या चढाईचं. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर बाद. तिथं ती पहिल्या दहा सेकंदांतच अंगावर जाते, खरं तर हातात तीस असतात. हे सरावानं सुटेल. जास्त काळजी आहे ती तिनं रिकाम्या केलेल्या डाव्या कोपऱ्याची. तिथं पहिल्या वर्षाची मुलगी उभी राहतेय, धाडसी आहे पण पकडीला वेळेआधीच झेपावते.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत यंदा आम्ही उपांत्य फेरीत असू, असं मला वाटतं. विद्यापीठाच्या संघात हिची निवड मी पुढच्या वर्षी धरतेय, यंदा झाली तर आनंदच.

डाव्या कोपऱ्यातल्या मुलीसाठीही याच दुकानात जोड सांगून ठेवलाय. तुम्हाला लहान नंबर हवा असेल तर स्पर्धेचं परिपत्रक यायची वाट बघू नका, आधीच फोन करून मागवायला सांगा.