शुभेच्छापत्रे तयार करून देणारे अ‍ॅप : चित्रे देखणी, दिनदर्शिका कच्ची

आमच्या गृहनिर्माण संस्थेत हिंदूंच्या जोडीला मुसलमान, ख्रिस्ती, जैन, पारशी आणि बेने इस्राएली (म्हणजे महाराष्ट्रातील ज्यू) बिऱ्हाडे असल्यामुळे, व्हॉट्सअ‍ॅप गटावर संस्थेच्या नावाने सणाच्या शुभेच्छा टाकणे हे सचिवाचे एक कामच होऊन बसले आहे. त्यासाठी शुभेच्छापत्रे तयार करून देणाऱ्या एका अ‍ॅपची वर्षभराची वर्गणी मी भरली.

चित्रांबद्दल तक्रार नाही. संस्थेचे नाव एकदा भरून ठेवले की ते प्रत्येक पत्रावर आपोआप उमटते, आणि संवत्सरीचे ‘मिच्छामि दुक्कडम्’ लिहिलेले साधे, पांढरे पत्र तर जैन शेजाऱ्यांनी आपल्या नातलगांनाही पाठवले.

खरी अडचण तारखांची आहे. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला होता. अ‍ॅपने त्याच दिवशी रमजान ईदचेही पत्र पुढे केले, कारण त्याची दिनदर्शिका सौदी अरेबियाच्या चंद्रदर्शनावर चालत असावी. आपल्याकडे चाँद त्या संध्याकाळी दिसला आणि ईद ३१ तारखेला झाली. रोजा धरलेल्या माणसाला सकाळीच ‘ईद मुबारक’ म्हणणे बरे दिसत नाही, म्हणून ते पत्र मी अडवून ठेवले. पारशी नववर्षाचे पत्र २१ मार्चला येते, पण मुंबईतले बहुसंख्य पारशी शहेनशाही पंचांगाप्रमाणे नववर्ष ऑगस्टमध्ये साजरे करतात. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलींच्या रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, तर या यादीत जागाच नाही.

त्याहून गंभीर दोष असा की सण आणि शोकदिन यांत हे अ‍ॅप फरक करत नाही. करबला येथे इमाम हुसेन यांना हौतात्म्य आले, त्या आशुऱ्याच्या दिवशी ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ फुलांच्या महिरपीत येतात, आणि येशूच्या क्रूसावरील मृत्यूचे स्मरण करण्याच्या गुड फ्रायडेला ‘हॅपी’ लावून वर फुगे सोडलेले असतात. असले पत्र न वाचता पुढे ढकलणारे सचिव आणि नगरसेवक थोडे नाहीत, त्यामुळे हा दोष निर्मात्यांनी आधी दुरुस्त करायला हवा.

ज्यांच्याकडे सणाच्या आदल्या दिवशी शेजारी विचारून घेण्याची सवड आहे, त्यांनी हे अ‍ॅप खुशाल घ्यावे. पत्रे आपोआप पाठवण्याची सोय मात्र बंदच ठेवावी. ती ‘सेटिंग्ज’मध्ये सुरुवातीपासून चालू असते.