बाहेरच्या भिंतीचे मोजमाप: प्लास्टर-रंग, फायबर सिमेंटच्या पट्ट्या आणि दगडी क्लॅडिंग यांचा तुलनात्मक आढावा

नागपुरात घराची पश्चिमेकडील भिंत नव्याने झाकायची ठरली की बहुतेक जण तीन ठेकेदारांकडून चौरस फुटाचा दर मागवतात आणि सर्वांत कमी दराकडे झुकतात. ही तुलना अपुरी आहे, कारण तिन्ही पर्यायांत भिंत एकच असली तरी तिचे मोजमाप एक राहत नाही. प्लास्टर क्षेत्रफळावर चालते, तर पट्ट्या आणि दगडी क्लॅडिंग (भिंतीवर बसवलेले दगडाचे पातळ आवरण) यांचा खर्च कडा, कोपरे आणि खिडक्यांच्या चौकटी यांवर बराच अवलंबून असतो. म्हणून वहीत चौरस फूट आणि रनिंग फूट (म्हणजे नुसती लांबी) असे दोन रकाने आधी आखावेत आणि मगच दर विचारावेत.

उदाहरणासाठी बेसा किंवा मनीषनगरकडच्या ३० × ५० फुटांच्या प्लॉटवरील दुमजली घर घेऊ. पश्चिमेची भिंत २५ फूट रुंद आणि प्लिंथ (जमिनीवरचा जोत्याचा भाग) व गच्चीचा कठडा धरून २५ फूट उंच आहे. तिच्यात ४ × ४ फुटांच्या चार खिडक्या, ३.५ × ७ फुटांचा एक दरवाजा आणि न्हाणीघरांचे दोन लहान झरोके आहेत. एकूण क्षेत्रफळ ६२५ चौरस फूट होते आणि खिडक्या-दरवाजाचे ८८.५ वजा केल्यावर साधारण ५३७ उरतात. झरोके वजा करू नयेत, कारण आयएस १२०० या भारतीय मानकानुसार प्लास्टरच्या मोजणीत अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ५.४ चौरस फुटांपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट केली जात नाही. उंची मोजण्यासाठी शिडीवर चढण्यापेक्षा गच्चीवरून टेप सोडावा आणि खाली दुसऱ्याने तो ताणून धरावा. ७ फूट ६ इंच हे ७.५ लिहायचे असतात, ७.६ नव्हे, ही चूक अंदाजपत्रकांत फार आढळते.

खिडकीच्या खाचेची आतली बाजू मात्र सुटता कामा नये. ती पाच इंच खोल असेल तर एका खिडकीच्या चारही बाजू मिळून सुमारे ६.७ चौरस फूट होतात, म्हणजे त्या खिडकीसाठी आपण वजा केलेल्या १६ चौरस फुटांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्र परत येते. चार खिडक्या आणि दरवाजा धरून ही भर ३४ चौरस फुटांची आहे आणि प्लास्टर व दगड यांच्यासाठी खरे क्षेत्र ५७१ चौरस फूट ठरते. याच चौकटींची लांबी आणि भिंतीचे दोन उभे कोपरे मिळून कडांची बेरीज १३१ रनिंग फुटांच्या वर जाते, आणि कोटेशनमध्ये सर्वाधिक वेळा गाळला जाणारा आकडा हाच असतो.

आता साहित्य पाहू. २० मिलिमीटर जाडीच्या १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग रेती) प्लास्टरला एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, सुमारे दीड पोते सिमेंट आणि साडेसात घनफूट रेती लागते. आपल्या भिंतीला त्यामुळे नऊ पोती सिमेंट पुरेल; रेती चाळल्यावर कमी होत असल्याने कन्हानची रेती ५० घनफूट धरावी. खरबरीत प्लास्टरवर दोन हातांना लिटरमागे ४० चौरस फूट धरले तर रंग सुमारे १४ लिटर लागेल. डब्यावर छापलेले प्रमाण गुळगुळीत पृष्ठभागाचे असते.

फायबर सिमेंटच्या पट्ट्यांचा हिशेब सर्वांत फसवा आहे. ८ इंच रुंद आणि १० फूट लांब पट्टी कागदावर ६.६७ चौरस फूट भरते, म्हणून ८१ पट्ट्या पुरतील असे वाटते. परंतु प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर सव्वा इंच चढते, उघडी रुंदी पावणेसात इंच उरते आणि एक पट्टी केवळ ५.६ चौरस फूट झाकते. दहा टक्के तूट धरून खरी गरज १०५ पट्ट्यांची आहे. शिवाय दर २० इंचांवर एक याप्रमाणे १६ उभे जी.आय. सेक्शन (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा), म्हणजे ४०० रनिंग फूट, आणि सहाशेहून अधिक स्क्रू लागतात. २० इंचांचे अंतर मी मुद्दाम सुचवतो, कारण पूर्ण आणि अर्ध्या पट्टीचा जोड त्यात नेमका सेक्शनवर येतो. मात्र निवडलेल्या पट्टीसाठी उत्पादकाने सांगितलेले कमाल अंतर याहून कमी असेल तर तेच पाळावे.

२० मिलिमीटर जाडीचा वालुकाश्म चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. ५७१ चौरस फुटांवर हे वजन अडीच टनांहून अधिक होते आणि वरच्या मजल्यावर केवळ चिकटद्रव्यावर विसंबणे मला अजिबात मान्य नाही. तेथे धातूचे क्लॅम्प हवेतच. कडा घासण्याची मजुरीही त्या १३१ फुटांवर वेगळी लागते.

निर्णयापूर्वी गच्चीवरून ओळंबा (दोरीला बांधलेले वजन) सोडून भिंतीचा फुगवटा तपासावा. एका इंचापर्यंतचा फरक पट्ट्यांच्या सांगाड्यात पॅकिंग देऊन सहज निघतो. प्लास्टरमध्ये तोच फरक भरून काढताना सिमेंट-रेतीचा वरचा आकडा कोलमडतो.

माझे मत असे की, ओल नसलेल्या आणि ओळंब्यात असलेल्या भिंतीला प्लास्टरची दुरुस्ती व चांगला रंग पुरेसा आहे. दुपारनंतर तापणाऱ्या पश्चिम भिंतीला पट्ट्या अधिक उपयोगी ठरतात, कारण पट्टीची सावली भिंतीवर पडते आणि मागच्या पोकळीतून गरम हवा वर निघून जाते. त्यासाठी पोकळी खाली जाळी लावून व वर पावसापासून झाकून उघडी ठेवावी लागते. ओल असल्यास ती आधी दुरुस्त करावी, पट्ट्यांमागे दडवू नये. दगड प्लिंथपुरता किंवा पोर्चपुरता ठेवावा. प्लास्टर निवडल्यास काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावे, कारण मे महिन्यातील उन्हात किमान सात दिवस भिंत ओली ठेवणे अवघड जाते. पट्ट्यांच्या कामाला ही अट नाही, फक्त भिंत पावसाळ्यानंतर पूर्ण वाळलेली असावी.