म्हापशातला लॅपटॉपवाला: दुपारी जाऊ नका, पण जाच

माझा लॅपटॉप विंडोजचा अपडेट घ्यायचाच नाही. टक्के चढायचे, मशीन बंद-चालू व्हायचं आणि ‘बदल मागे घेत आहोत’ म्हणत सगळं पहिल्यासारखं. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने न उघडताच मदरबोर्ड बदला म्हणून सांगितलं. शाळेची निकालपत्रकं त्यातच, तेव्हा जीव टांगणीला.

म्हापशाच्या बाजारामागच्या या छोट्या दुकानातल्या पोराने विंडोजला हातच लावला नाही. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे मेमरी तपासणारा प्रोग्राम, लावला. थोड्या वेळात पडदाभर लाल ओळी! मग रॅमच्या, म्हणजे चालू कामापुरत्या मेमरीच्या, दोन्ही पट्ट्या काढून एकेक लावून बघितली. एकीच्या सोनेरी दातांवर काळपट थर होता. आमच्या खाऱ्या, दमट हवेची कृपा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तरी चुका येतच राहिल्या, म्हणजे चिपच गेलेली. “मॅडम, अपडेट उलगडताना रॅममध्ये एक बिट जरी उलटा पडला तरी पडताळणीत फाईल नापास होते,” तो म्हणाला. मास्तरणीला एवढं पुरे.

फायली साठवणाऱ्या एसएसडी ड्राइव्हची तब्येतही तपासली, ती ठणठणीत. नवी आठ जीबीची पट्टी बसवून अपडेट माझ्यासमोर पूर्ण केला. पावतीसोबत जुनी पट्टीही परत दिली, हे मला फार आवडलं.

तक्रारी आहेतच. दुपारी एक ते साडेतीन शटर खाली, फोनही उचलत नाहीत. शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील. आणि डेटाचा बॅकअप घ्यायचा का, हे मी विचारेपर्यंत कोणी विचारलं नाही. तो घरूनच घेऊन जा.