फोटोंचा बॅकअप: घरातली हार्ड डिस्क की क्लाउड?

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ साली पाणी त्याच्या बरंच वर गेलं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेली डिस्क अशा वेळी कागदांबरोबरच भिजणार.

एरवी डिस्क स्वस्तच पडते. पैसे एकदाच, १ टीबीत लग्नाचे सगळे व्हिडिओ, नेटची गरज नाही. फक्त आत फिरती तबकडी असते. हातातून पडली की खेळ खल्लास.

क्लाउड म्हणजे नेटवरची साठवण. तिथं गुगलचे १५ जीबी फुकट, पण जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. व्हिडिओवाल्यांना ते पुरत नाहीत, मग भाडं सुरू. खरी फसगत वेगळीच: फोनमध्ये जागा व्हावी म्हणून लोक गुगल फोटोजमधून फोटो डिलीट करतात आणि तो क्लाउडमधूनही जातो. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, नंतर विषय संपला. जागा हवी तर त्याच ॲपमधलं ‘फ्री अप स्पेस’ वापरा, ते बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत काढतं.

माझं मत? कागदपत्रं आणि निवडक फोटो क्लाउडवर. व्हिडिओ डिस्कवर, आणि ती डिस्क जूनआधीच उंचावरच्या पाहुण्यांकडं. चहा होईलच. गुगल खात्याच्या रिकव्हरीला (पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवायला) दिलेला मोबाईल नंबर चालू आहे का, तेही बघून घ्या.