ताडोबाची सफारी: पैसा गावात किती राहतो?

वाघ दिसणे नशिबाचे, त्यामुळे त्यावर गुण देत नाही. मोहर्ली भागातल्या सेवेला मात्र चांगले गुण. जिप्सीत सहा पर्यटक, चालक आणि गाइड. गाइड बहुतेक आसपासच्या गावांतलेच. पाणवठे, सांबराचा कॉल (धोक्याचा इशारा), पगमार्क (पावलांचे ठसे) यांची त्यांना उत्तम जाण आहे.

खर्चाचे तीन तुकडे पडतात: प्रवेश, जिप्सी, गाइड. गाइडचा वाटा सर्वांत लहान, पण तो थेट गावातल्या घरात जातो. महागड्या रिसॉर्टचे बिल बहुतांशी बाहेर जाते. म्हणून मुक्काम होमस्टेत करावा आणि एक फेरी तरी बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलपट्ट्यात, आगरझरी किंवा जुनोना गेटने घ्यावी. कोअर (जंगलाचा गाभा) पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद असतो; तेव्हा बफरच्या फेऱ्यांवरच गाइड-चालकांची चूल पेटते. बफरला दुय्यम समजणारे (हे बरेच असतात!) उगाच हुकतात.

घोटाळा बहुधा गेट निवडताना होतो. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला, कोलारा चिमूरकडे. मुक्काम एकीकडे आणि बुकिंग दुसरीकडे असेल, तर जंगलाला वळसा घालून पहाटेची फेरी गाठताना तारांबळ उडते. आधी गेट ठरवा, मग खोली. बुकिंगला दिलेलेच मूळ ओळखपत्र सोबत हवे. मंगळवारी कोअर बंद. उन्हाळ्यात धुळीसाठी मोठा रुमाल घ्या; मोबाइल कोअरमध्ये नेता येत नाही, साधा कॅमेरा चालतो.