लेहच्या जुन्या वस्तीतील पायी फेरी: एक अनुभव

महाराष्ट्रातून लडाखला नेणाऱ्या बहुतेक सहलींमध्ये लेह शहराच्या वाट्याला पहिले दोन दिवस येतात आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्यापुढे केवळ 'विश्रांती' असे लिहिलेले असते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवर विमानाने थेट उतरल्यानंतर ती विश्रांती आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र त्यानंतर लगेच नुब्रा खोरे आणि पँगाँग सरोवराच्या वाटेला लागल्यामुळे प्रत्यक्ष लेह पाहायचे राहूनच जाते. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या लडाखी बाईंच्या सांगण्यावरून आम्ही एक दिवस वाढवला आणि एका स्थानिक वाटाड्याबरोबर जुन्या वस्तीतून तीन तासांची पायी फेरी केली. आठ दिवसांच्या प्रवासात तिच्याइतके समाधान दुसऱ्या कशानेही दिले नाही.

फेरी सकाळी जामा मशिदीमागच्या चुटे रंतक या गल्लीत सुरू होते. लडाखी भाषेत रंतक म्हणजे पाणचक्की. आता या गल्लीची ओळख आहे ती तिथल्या भट्ट्यांमुळे. अरुंद दुकानात जमिनीत पुरलेला तंदूर असतो. कारागीर कणकेचा गोळा हाताने थापून, एका गादीवर पसरून तंदुराच्या आतल्या भिंतीवर चिकटवतो आणि फुगलेली रोटी लोखंडी सळ्यांनी अलगद सोडवून घेतो. वाटाड्याने आम्हाला घाई न करता तिथे बराच वेळ उभे राहू दिले, ही गोष्ट मला फार आवडली. लडाखी घरांत भाजल्या जाणाऱ्या जाड, आंबवलेल्या रोटीला 'खंबीर' म्हणतात, हेही त्यानेच सांगितले. तिचे टणक कवच पाहिल्यावर मराठी माणसाला आपला 'खंबीर' हा शब्द आठवल्याशिवाय राहत नाही.

याच भागात मध्य आशियाई संग्रहालय आहे. आताच्या चीनमधील यारकंदहून काराकोरम पर्वतरांग ओलांडून येणारे व्यापारी तांडे पूर्वी इथल्या त्सास सोमा नावाच्या बागेत उतरत असत. १९४०च्या दशकाअखेर सीमा बंद होईपर्यंत लेह ही या व्यापाराची मोठी पेठ होती. तिथे स्थायिक झालेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी लडाखी स्त्रियांशी विवाह केले आणि त्यांच्या वंशजांना आर्गोन म्हणतात. लेहची ओळख केवळ बौद्ध मठांपुरती मर्यादित ठेवणाऱ्या माहितीपत्रकांत हा इतिहास क्वचितच सापडतो. दुर्दैवाने, संग्रहालयासाठी आम्हाला जेमतेम पंधरा मिनिटे मिळाली. ती किमान पाऊण तास हवी होती.

तिथून वर चढत गेल्यावर खरी जुनी वस्ती लागते. काही ठिकाणी गल्ली घरांच्या खालूनच जाते आणि वाकून चालावे लागते. अशाच एका बोळात वाटाड्याने विजेरी वर धरून छत दाखवले: पॉप्लरच्या गोल तुळया, त्यांवर दाटीने मांडलेल्या विलोच्या, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातल्या झाडाच्या काटक्या, त्यावर गवत आणि सर्वांत वर चोपलेली माती. विदर्भ-मराठवाड्यातली धाब्याची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. फरक असा की ही छते अत्यल्प पावसाच्या हिशेबाने बांधलेली आहेत, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की ती भिजून खचतात. ऑगस्ट २०१०मधील ढगफुटीच्या आठवणी इथे अजून ताज्या आहेत. त्याआधीच, २००८मध्ये, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जुन्या लेहचा समावेश जगातील धोक्यात आलेल्या शंभर वारसास्थळांच्या यादीत केला होता. पडक्या घराशेजारी जुन्याच पद्धतीने डागडुजी केलेले घर दिसले की मन थोडे निश्चिंत होते.

अशा दुरुस्तीचा उत्तम नमुना म्हणजे राजवाड्याच्या खालच्या अंगाला असलेले मुन्शी घर. राजदरबाराचे लेखनकाम पाहणाऱ्या घराण्याचे हे निवासस्थान 'लामो' या कलासंस्थेने जीर्णोद्धार करून प्रदर्शने आणि वाचनासाठी खुले केले आहे. त्याच्या खिडकीत बसून खालच्या मातीच्या छतांकडे पाहत घालवलेली वीस मिनिटे मला सतराव्या शतकातला लडाखचा राजा सेंगे नामग्याल याच्या काळातल्या नऊमजली राजवाड्याहूनही अधिक स्मरणात राहिली आहेत.

आता उणिवांबद्दल. ठरवताना सहाच जण असतील असे सांगितले होते. प्रत्यक्षात आम्ही अकरा होतो. अशा अरुंद बोळांत मागच्या पाच जणांपर्यंत वाटाड्याचा आवाज पोहोचत नव्हता, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखे इतके असताना ते निसटून जावे याचे वाईट वाटले. दुसरे म्हणजे, हीच फेरी लेहला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी करणाऱ्यांनाही संयोजक नकार देत नाहीत. चढ उभा आहे, पायऱ्या ओबडधोबड आहेत; आमच्यातल्या एका काकांना धाप लागून मध्येच परतावे लागले. तिसऱ्या दिवसाआधी ही फेरी कोणालाही करू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी चुटे रंतक आणि संग्रहालय एवढेच पाहावे. तेवढ्यासाठी चढण लागत नाही.

एवढे असूनही मी पुन्हा गेलो तर ही फेरी पुन्हा करेन, मात्र निघण्यापूर्वी किती जण आहेत ते विचारून घेईन आणि संग्रहालयासाठी दुपार वेगळी राखीन. राजवाड्याचे तिकीट फेरीच्या शुल्कात धरलेले नाही, हे लक्षात ठेवावे. तंदुराची रोटी फेरी संपल्यावर घेऊ म्हणून थांबू नये. आम्ही खाली परतलो तेव्हा दोन भट्ट्यांवरचा सकाळचा माल संपलेला होता आणि तिसऱ्या दुकानदाराने टोपलीतल्या शेवटच्या चार रोट्या वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या हाती दिल्या.